चेन्नईहून भजनी मंडळासाठी वाद्ये आणताना

दिल्ली-चेन्नई लोहमार्ग नागपूर, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह असा आपल्या दारावरूनच जातो. त्यामुळे वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या खेड्यांतून कोणी वेल्लोरला उपचारासाठी, कोणी नोकरीसाठी, तर कोणी मुलाच्या शिक्षणासाठी चेन्नईकडे जातच असते. ही बातमी गावात पसरली की संध्याकाळी देवळात भजनी मंडळाची यादी तयार होते. पेटी जुनी झालेली असते, टाळांच्या दोऱ्या तुटलेल्या असतात, माइक खरखरत असतो, आणि "तिकडे मोठमोठी दुकाने आहेत, भाऊ, येताना पाहून या" असे म्हणून वर्गणीचे पैसे जाणाऱ्याच्या हाती दिले जातात. अशी यादी मी दोन वेळा नेली आहे. पहिल्या खेपेला काय पाहावे हेच मला कळत नव्हते, म्हणून दुसऱ्या खेपेला जे शिकलो ते पुढे जाणाऱ्यासाठी येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

सर्वप्रथम त्या शहरातला बाजार कसा बदलला आहे हे समजून घ्यावे, कारण गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ठिकाणे आज तशी राहिलेली नाहीत. चेन्नई सेंट्रलला उतरल्यावर लागूनच मूर मार्केट संकुल नावाचे उपनगरी गाड्यांचे स्थानक दिसते. या जागी पूर्वी खरोखरच मूर मार्केट होते. लाल इमारतीतल्या त्या बाजारात जुनी पुस्तके आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या मिळत. १९८५ च्या आगीत ती इमारत जळाली. माउंट रोडवरचे, म्हणजे आताच्या अण्णा सलाईवरचे, स्पेन्सर प्लाझा १९८३ च्या आगीनंतर नव्याने उभे राहिले आणि पुढे तेथे म्युझिक वर्ल्डचे दुकान थाटले गेले, पण म्युझिक वर्ल्डची ती साखळी २०१३ मध्ये बंद झाली. नुंगमबाक्कममध्ये १९८७ साली सुरू झालेले लँडमार्क हे पुस्तकांचे आणि संगीताचे मोठे दुकानही आता तेथे नाही. आपल्या तालुक्याच्या बसस्थानकासमोर जे घडले तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडले. कॅसेट गेली, सीडी गेली, मेमरी कार्डात गाणी भरून देणारा आला आणि तोही गेला, आणि आता त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरे टांगलेली असतात.

मात्र त्याच माउंट रोडवर म्युझे म्युझिकल हे वाद्यांचे दुकान अजून चालू आहे. त्याचा आरंभ १८४२ साली मिस्क्विथ यांच्या पेढीपासून झाला, म्हणजे आपल्याकडे रेल्वे येण्याच्याही आधीपासून ते दुकान आहे. मैलापूरमध्ये कपालीश्वर मंदिराच्या परिसरातही वाद्ये विकणारे आणि दुरुस्त करणारे आहेत. गाण्याची दुकाने बुडाली आणि वाद्यांची टिकली, याचे कारण माझ्या मते सरळ आहे. गाणे फोनमध्ये मावते, पण मृदंगाची वादी, म्हणजे चामड्याची दोरी, आवळायला माणूसच लागतो. ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्ती करणारा बसलेला असतो ते दुकान अजून उघडे आहे. म्हणून चेन्नईत पाऊल ठेवताच दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा की येथे दुरुस्ती होते का, आणि होत असल्यास कारागीर कुठे बसतो. मागे कारागीर नसेल तर पुढच्या काचेच्या कपाटातला माल कितीही चकचकीत असला तरी चामड्याची आणि भात्याची वाद्ये तेथून घेऊ नयेत.

याच कारणाने यादीचे दोन भाग करावेत, आणि हे काम घरून निघण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीतच उरकावे. ज्या वाद्याची दुरुस्ती आपल्या तालुक्यात, फार तर नागपुरात, होऊ शकत नाही ते लांबून आणू नये, हा एकच निकष लावला की यादी आपोआप निम्मी होते. टाळ, चिपळ्या, इलेक्ट्रॉनिक तंबोरा, माइक आणि वायरी चेन्नईहून आणायला हरकत नाही. पेटी, तबला, पखवाज, ढोलकी ही मात्र शक्यतो नागपूर किंवा अमरावतीहूनच घ्यावीत. एवढे सांगूनही मंडळाचा आग्रह पेटीचाच असेल, आणि तो बहुधा असतोच, तर ती कशी पारखावी हे पुढे सांगतो.

पट्टीची भाषा

दुकानात गेल्यावर पहिली अडचण भाषेची येते, पण सुरांच्या बाबतीत ती वाटते तेवढी मोठी नाही. आपण पेटीच्या पट्ट्यांना पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन असे म्हणतो. तमिळमध्ये त्याच पट्टीला कट्टै म्हणतात. कट्टै म्हणजे लाकडाचा तुकडा. पांढरी एक म्हणजे एक कट्टै आणि पांढरी चार म्हणजे चार कट्टै, असा हिशेब तंतोतंत जुळतो, आणि काळ्या पट्ट्यांसाठी तेथे अर्ध्याचा हिशेब करतात. त्यामुळे काळी एक म्हणजे दीड कट्टै, काळी दोन म्हणजे अडीच, काळी तीन म्हणजे साडेचार, काळी चार म्हणजे साडेपाच आणि काळी पाच म्हणजे साडेसहा. साडेतीन कट्टै असे काही नसते, कारण पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टीच नाही. आपले मंडळ कोणत्या पट्टीत गाते हे घरून लिहून न्यावे. आमच्याकडे बुवा पांढरी चारात गातात. मी दुकानात बोटांनी चार दाखवून "कट्टै" म्हटले, तेव्हा दुकानदाराने लगेच पेटीवर बरोबर तीच पट्टी दाबून दाखवली. एका शब्दाने एवढे काम होते.

किंमत विचारायला "एव्वळवु" हा एक शब्द पुरतो, आणि हिंदी-इंग्रजीतले आकडे मोठ्या दुकानांत सर्वांना समजतात. अभंग हा शब्दही तेथे परका नाही. तंजावरला १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि त्या काळात मराठी कीर्तनाची रीत तिकडे रुजली. आजही तमिळ भजनी मंडळी नामसंकीर्तनात अभंग म्हणतात. त्यामुळे आपल्याला कशासाठी वाद्य हवे आहे हे सांगताना संकोच करू नये. भजन आणि अभंग हे दोन शब्द उच्चारले की जाणता दुकानदार तबल्याऐवजी टाळांच्या कपाटाकडे नेतो.

पेटी पारखणे

आमच्या मंडळाने मागे एक पेटी ऑनलाइन मागवली होती. मंदिराच्या ओट्यावर खोके उघडले तेव्हा सर्वांना आनंद झाला, कारण पॉलिश आरशासारखे होते. आठ दिवसांनी वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली की खालीच राहू लागली आणि दोन सूर झरझरू लागले. सप्ताह सुरू होता म्हणून गावातच खटपट केली, आणि तेवढ्यात माल परत करण्याची मुदत संपून गेली. शेवटी पेटी नागपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी वरची फळी काढून आतला रीडबोर्ड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पात्या (रीड) बसवलेली फळी, दाखवला, तर त्यावर केसाएवढी बारीक चीर गेलेली होती. लाकूड नीट वाळवलेले नव्हते आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते आकसले होते. "बापू, पेटी दिसाले कशी हाय ते नोको पाहू, डोये मिटून भाता आयक," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून मी पेटी तशीच पाहतो.

भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी दाबू नये आणि हात सोडून ऐकावे. चांगली पेटी गप्प राहते आणि तिचा भाता सावकाश बसतो. फुसफुस ऐकू आली किंवा भाता झपाट्याने मिटला तर हवा कुठेतरी गळते आहे असे समजावे. पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप वाजत असेल तर पट्टीखालची गादी किंवा तिची स्प्रिंग सदोष असते. यानंतर खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकेक करून हळू दाबावी आणि सोडावी. सूर दाबताक्षणी उमटला पाहिजे आणि सोडताक्षणी थांबला पाहिजे. अगदी हलक्या भात्यावर मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातले सूर बोलतात की उशिरा जागे होतात हे मुद्दाम पाहावे, कारण जाड रीडला हवा जास्त लागते आणि स्वस्त पेटीचा कमीपणा तेथेच उघडा पडतो. मग सा आणि त्याच्या वरचा सा एकदम दाबावेत. दोन सुरांत लाट उठल्यासारखी थरथर आली तर पेटी सुरात लावलेली नाही. फोनवरच्या ट्यूनर अॅपने प्रत्येक सूर तपासता येतो आणि ते जरूर करावे, परंतु ही थरथर कानाला अॅपच्या आधी कळते.

रीडच्या ओळी किती घ्याव्यात याविषयी मंडळात नेहमी वाद होतो. खर्ज (खालचा सूर) आणि नर (मधला सूर) अशा दोन ओळींची पेटी खेड्यातल्या मंडळाला पुरते. तीन ओळींच्या पेटीला भाता जास्त मारावा लागतो, वजन वाढते, आणि बिघडायला तिसरी ओळ अधिक मिळते. स्केल चेंजरचा मोहही टाळावा. पट्ट्यांचा संपूर्ण साचा सरकवणारी ती यंत्रणा उत्तम कारागिराने केली असेल तरच टिकते, आणि आपल्याकडे ती उघडून नीट बसवणारे हात थोडे आहेत. ज्या मंडळात दोन-तीन बुवा वेगवेगळ्या पट्टीत गातात त्यांनी पेटीवाल्याला सर्व पट्ट्यांत वाजवायला शिकवावे, असे माझे मत आहे. त्यात एक हिवाळा जातो, पण पैसा लागत नाही.

हवेचा प्रश्न वेगळा लक्षात ठेवावा. चेन्नई समुद्राकाठी आहे, तेथे बारमाही दमटपणा असतो, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दमट हवेत राहिलेले लाकूड एप्रिल-मे महिन्यांत एकदम इकडे आणले तर ते आकसते, जोड उघडतात आणि चामड्याची पुडी ताणली जाऊन वर चढते, प्रसंगी फाटतेही. म्हणून अशी वाद्ये आणायचीच असतील तर पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आधी आणावीत, म्हणजे उन्हाळा येईपर्यंत त्यांना चार-सहा महिने मिळतात.

चामड्याची वाद्ये आणि खंजिरी

मृदंगम् पाहून अनेकांना तो पखवाजच वाटतो आणि दुकानात तो सुरेख वाजतोही, पण तो पखवाजाच्या जागी घेऊ नये. मृदंगम् फणसाच्या लाकडाचा असतो, त्याच्या उजव्या तोंडावरचे चामड्याचे थर वेगळ्या रीतीने चढवतात, आणि ते बदलणारा कारागीर आपल्या भागात मिळणे कठीण आहे. आपण पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो, तर ते लोक रवा भिजवून लावतात. एवढे साम्य सोडले तर दोघांचा स्वभाव निराळा आहे.

खंजिरीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी हे आपल्या भागाचे वाद्य झाले आहे. त्यांचे जन्मगाव यावली आणि त्यांनी १९३५ मध्ये उभारलेला मोझरीचा गुरुकुंज आश्रम, दोन्ही अमरावती जिल्ह्यातच आहेत. चेन्नईत कंजिरा नावाचे वाद्य दिसते आणि नावावरून कोणीही फसेल. तो कंजिरा सात ते नऊ इंचांचा, एकाच खाचेत झांजा असलेला आणि कर्नाटक संगीतातला असतो. त्याचे चामडे फार ताणलेले असते, म्हणून वाजवण्यापूर्वी आतल्या बाजूने पाण्याचे थेंब लावून त्याचा सूर खाली आणतात. मुख्य गोष्ट अशी की हे चामडे परंपरेने घोरपडीचे असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घोरपड संरक्षित आहे, तिचे चामडे विकणे आणि बाळगणे दोन्ही गुन्हे आहेत. दुकानात बकऱ्याच्या चामड्याचे आणि कृत्रिम पडद्याचे कंजिरेही मिळतात. तरीही हौसेने एखादा घ्यायचा असेल तर चामडे कशाचे आहे हे स्पष्ट विचारावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. पडद्यावर बारीक, रांगेत बसलेले खवल्यांचे ठसे दिसले तर तो हातातून खाली ठेवावा. आपल्या भजनाला मात्र आपली कडेने झांजा असलेली खंजिरीच हवी, आणि ती इकडेच घ्यावी.

जे अवश्य आणावे

टाळ. तिकडे लहान, जाड टाळांना जाल्रा म्हणतात आणि त्यांचा नाद आपल्या टाळांपेक्षा बारीक व लांब असतो. सर्व टाळ तसे घेऊ नयेत, पण दहा-बारा टाळकऱ्यांत दोन जोड्या मिसळल्या तर भजनाला चांगली धार येते. प्रत्येक टाळ दोरीने धरून टोकावर टोक हलकेच लावावे आणि नाद संपेपर्यंत मोजावे. नादात कुठे बोचरी खरखर आली तर कडेला चीर आहे. जोडीतले दोन्ही टाळ वेगवेगळे वाजवून त्यांचा सूर जवळचा आहे का हेही पाहावे, कारण घाईत दुकानदार निरनिराळ्या जोड्यांतले टाळ एका दोरीत ओवून देतो. चिपळ्यांना तेथे चिप्लाकट्टै म्हणतात. हरिकथा करणारे त्या वापरतात, आणि लाकूड वजनदार असेल तर त्या घ्यायला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा शोध दक्षिणेतलाच आहे. बंगळूरच्या रॅडेलचे जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये तयार केला. फोनवर तंबोऱ्याचे अॅप फुकट मिळते, ही गोष्ट खरी आहे. परंतु भजन रंगात आले असताना फोन वाजतो आणि सूर तुटतो, हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे, म्हणून वेगळा डबा असावा असे मला वाटते. घेताना आपली पट्टी लावून तो निदान दहा मिनिटे चालू ठेवावा आणि सूर सरकतो का ते पाहावे.

माइक आणि वायरींसाठी माउंट रोडला लागून असलेल्या रिची स्ट्रीटवर जावे. अरुंद गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने दाटीने आहेत. आपल्या कामाला समोरूनच आवाज घेणारा डायनॅमिक माइक योग्य असतो, कारण मागच्या टाळांचा गोंगाट तो कमी पकडतो. नामांकित कंपन्यांचे बनावट माइक सर्वत्र विकले जातात, म्हणून खोके पाहून घेऊ नये. दुकानातच अॅम्प्लिफायरला लावून बोलावे, हातात फिरवून खरखर येते का पाहावे, आणि जीएसटीचे पक्के बिल मिळत नसेल तर पुढच्या दुकानात जावे. वायरींच्या दोन्ही टोकांच्या पिना आपल्या अॅम्प्लिफायरला बसतात की नाही यासाठी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो घरूनच काढून न्यावा. मी पहिल्या खेपेला तो नेला नव्हता आणि सहा वायरी निरुपयोगी ठरल्या. अॅम्प्लिफायरही घ्यायचा असेल तर घरच्या विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर, दोन्हींवर चालणाराच घ्यावा. काकड्याच्या वेळी वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर भजन पुढे चालते.

परतीचा प्रवास

स्लीपर डब्यात प्रत्येक प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते, आणि दोन ओळींची पेटी त्यात सहज बसते. पेटी लगेजमध्ये देऊ नये, ती आपल्याजवळच खालच्या बाकाखाली ठेवावी. भाता पट्ट्याने बांधावा, सर्व खटके आत ढकलावेत आणि पट्ट्यांवर घडी घातलेले सुती कापड ठेवून मगच झाकण लावावे, म्हणजे हादऱ्याने पट्ट्या उड्या घेत नाहीत. टाळ कपड्यांत वेगवेगळे गुंडाळावेत. एकावर एक आपटले तर कडा उडतात.

घरी आल्यावर सर्वांची उत्सुकता समजण्यासारखी असते, तरी पेटी त्याच रात्री वाजवायला घेऊ नये. कूलरसमोर किंवा उन्हाच्या खिडकीत न ठेवता ती आतल्या खोलीत झाकण उघडून तीन-चार दिवस ठेवावी आणि मग रोज थोडी थोडी वाजवावी. बिल, दुकानाचे कार्ड आणि कारागिराचा नंबर मंडळाच्या वहीत चिकटवावेत. पहिल्या उन्हाळ्यानंतर, मृगाच्या आधी, ती एकदा नागपूरला नेऊन सूर मिळवून आणावी. त्या दिवशी पेटीवाल्या मुलालाही बरोबर न्यावे आणि कारागीर पेटी उघडत असताना त्याला शेजारी बसवावे.